बर्क, वीज आणि इलेक्ट्रिसिटी : एका शास्त्राचा आपल्या भाषांतील प्रवास

वाचकहो, आजच्या युगास विजेचे युग म्हणतात. दिवा, पंखा, शेतातील मोटार, पिठाची गिरणी, हातातील मोबाइल, सारे विजेवर अवलंबून आहे. परंतु ही वीज आपणांस कळली कशी, कोणत्या मार्गाने ती पुस्तकांत आली, आणि आपल्या मराठवाड्यातील मुलांनी ती कोणकोणत्या भाषांतून शिकली, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. इतिहास हा केवळ राजांचा आणि लढायांचा नसतो. ज्ञानालाही इतिहास असतो. तो या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. त्यास एक कारण घडले, ते आधी सांगतो.

मी नांदेडला नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीतील एक मुलगा उर्दू माध्यमातून दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आणि विज्ञान शाखेसाठी लातूरला गेला. दोन महिन्यांनी तो परत आला. "सर, फिजिक्स मला झेपत नाही. आर्ट्सला नाव बदलून घेतो," असे म्हणाला. मी इतिहासाचा शिक्षक. मला वाटले, याचा कल नसेल. "जशी तुझी इच्छा," एवढेच मी बोललो.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो मला त्याच्या दुकानात भेटला. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा वाइंडिंग करून देतो. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्याने मला मोटार का फिरते, रौ वाढली की कॉइल का जळते, हे इतके स्वच्छ समजावून सांगितले की मी थक्क झालो. मी म्हणालो, "अरे, मग तू सायन्स का सोडलेस?" तो हसून म्हणाला, "सर, हे सगळं आमच्या नववी-दहावीच्या पुस्तकात होतंच की. तिथं मकनातीस होतं, लातूरला मॅग्नेट झालं. बर्की बारचं चार्ज झालं. मला वाटलं, हे काही दुसरंच आहे."

म्हणजे विषय त्याला येत होता. परके झाले होते ते शब्द. आणि हे ओळखणे ज्याचे काम, त्या मी एकही प्रश्न विचारला नव्हता. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर समजावे.

काडी ओढणारा मणी

प्रथम शब्दांपासूनच सुरुवात करू. ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचे मूळ ग्रीक आहे. ग्रीक भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणजे अंबर. हा दगड नव्हे, प्राचीन झाडांचा चीक लाखो-कोट्यवधी वर्षे जमिनीत राहून घट्ट झालेला असतो. लोकरीवर घासला की तो गवताची काडी, वाळलेले पान, केस असे हलके पदार्थ ओढून घेतो. फारसी लोकांनी यावरूनच त्याचे नाव ठेवले ‘कहरुबा’. ‘काह’ म्हणजे गवताची काडी आणि ‘रुबा’ म्हणजे ओढून नेणारा. ‘दिलरुबा’ म्हणजे दिल ओढून नेणारा, हे आपणांस ठाऊकच आहे. तोच हा ‘रुबा’. चुंबकालाही फारसीत ‘आहनरुबा’, म्हणजे लोखंड ओढणारा, असे नाव आहे. अरबी भाषेत तर आज विजेलाच ‘कहरबा’ म्हणतात.

आता संस्कृत पाहा. तेथे अंबराला ‘तृणमणि’ असे नाव आहे. तृण म्हणजे गवत. ग्रीसमध्ये, इराणमध्ये आणि भारतात लोकांनी एकच गोष्ट पाहिली आणि आपापल्या भाषेत तिला नाव दिले. यांतील कोणता शब्द आपला आणि कोणता परका म्हणावा?

आपल्या घरात एखाद्या बुजुर्गांजवळ कहरुब्याची तसबीह असेल तर तिचा मणी लोकरीच्या कापडावर घासून कागदाच्या कपट्याजवळ न्यावा. नसेल तर प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवावा. कपटे उडी मारून चिकटतील. हा प्रयोग थंडीच्या कोरड्या दिवसांत चांगला होतो, पावसाळ्यात दमट हवेमुळे फसतो. घासल्याने एका पदार्थातील इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण दुसऱ्यावर जातात. ज्याच्याकडे ते जास्त झाले तो ऋण, ज्याचे कमी झाले तो धन. सारखे प्रभार एकमेकांस दूर लोटतात, विरुद्ध प्रभार ओढतात. उर्दू पुस्तकातील ‘बर्की बार’, मराठी पुस्तकातील ‘विद्युत प्रभार’ आणि इंग्रजीतील ‘चार्ज’ तो हाच.

दिशा दाखविणारी सुई

चुंबकाची कथाही अशीच अनेक देशांची आहे. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सुई चुंबकाकडे सरकते याचा उल्लेख आहे, आणि तिचे कारण अदृष्ट असल्याचे म्हटले आहे. चीनमधील शेन कुओ या विद्वानाने १०८८ च्या सुमारास चुंबकावर घासलेली सुई दिशा दाखविते असे लिहून ठेवले.

यात आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे. मुहम्मद औफी हा फारसी लेखक बुखाऱ्याकडून हिंदुस्थानात आला. सुलतान अल्तमशच्या काळात दिल्लीत असताना, १२३२ च्या सुमारास, त्याने ‘जवामिउल हिकायात’ हा कथांचा मोठा संग्रह पुरा केला. त्यातील एका कथेत वादळात वाट चुकलेल्या जहाजाचा कप्तान माशाच्या आकाराचा लोखंडी तुकडा चुंबकावर घासून पाण्यात सोडतो आणि त्यावरून दिशा ठरवितो, असे वर्णन आहे. इस्लामी जगातील होकायंत्राच्या अगदी पहिल्या लेखी उल्लेखांपैकी हा एक, आणि तो लिहिला गेला दिल्लीत! पुढे बैलक किबजाकी याने १२८२ साली लिहिलेल्या ग्रंथात, आपण १२४२ साली भूमध्य समुद्रातील प्रवासात पाण्यावर तरंगणारी चुंबकसुई पाहिल्याचे सांगितले. हिंदी महासागरातील खलाशी लोखंडाचा पोकळ मासा वापरतात, असेही त्याने नोंदविले. येमेनच्या अल-अश्रफ या सुलतानाने तेराव्या शतकाच्या शेवटी अशाच सुईने किब्ल्याची दिशा कशी शोधावी यावर लेखन केले. नमाजाची दिशा आणि जहाजाची वाट, दोन्ही कामे एकाच सुईने केली.

लसणाची गोष्ट

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. चुंबकावर लसूण चोळला तर त्याची शक्ती नाहीशी होते, असे जुन्या ग्रीक, लॅटिन तसेच अरबी पुस्तकांतून शतकानुशतके लिहिले जात होते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरविले, तिसऱ्याने त्याचा आधार दिला. लसूण घरोघरी होता, चुंबकही दुर्मिळ नव्हता, पण चोळून पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. सोळाव्या शतकात इटलीच्या देला पोर्ता याने ते घेतले आणि ही समजूत खोटी ठरविली. १६०० साली इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट या वैद्याने चुंबकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने तर अशा सर्व ऐकीव गोष्टी हाताने पारखून घेतल्या.

गिल्बर्टने दोन मोलाच्या गोष्टी सांगितल्या. एक, पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे, म्हणून सुई उत्तर-दक्षिण राहते. दोन, अंबराचे ओढणे आणि चुंबकाचे ओढणे वेगळे आहे. अंबर घासावे लागते, चुंबकास घासावे लागत नाही. घासलेले अंबर कोणताही हलका पदार्थ ओढते, चुंबक मुख्यतः लोखंडच ओढतो. आणखी एक फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. धन प्रभार आणि ऋण प्रभार वेगवेगळे करता येतात, पण चुंबकाचे दोन तुकडे केले तर उत्तर ध्रुव एकीकडे आणि दक्षिण दुसरीकडे असे होत नाही. प्रत्येक तुकडा दोन्ही ध्रुवांसह पुरा चुंबक बनतो.

वाचकहो, पूर्वेकडील विद्वानांत बुद्धीची उणीव नव्हती. अल-बेरुनीसारख्याने रत्ने आणि धातू तोलून-मोजून त्यांचे विशिष्ट गुरुत्व काढले होते. पण तोलण्याची, मोजण्याची, करून पाहण्याची ती सवय आपण पुढे सोडली आणि इतरांनी उचलली. फरक एवढ्यानेच पडला.

दोन बहिणींची ओळख

गिल्बर्टनंतर दोनशे वर्षे वीज आणि चुंबक या दोन वेगळ्या शक्ती समजल्या गेल्या. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्त व तांबे-चांदीसारख्या धातूंच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजविलेले पुठ्ठे, असा ढीग रचून पहिली विद्युत घटमाला तयार केली. आता वीज ठिणगीसारखी क्षणात न संपता प्रवाहासारखी वाहू लागली. हीच ‘बर्की रौ’, हीच ‘विद्युत धारा’, हाच ‘करंट’.

१८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या अध्यापकास दिसून आले की, तारेतून धारा सोडली की जवळची चुंबकसुई आपली दिशा सोडून वळते आणि धारा बंद करताच परत येते. म्हणजे वाहती वीज आपल्याभोवती चुंबकत्व निर्माण करते! दोन वेगळ्या वाटणाऱ्या शक्ती बहिणी निघाल्या. लोखंडी खिळ्यावर इन्सुलेटेड तार गुंडाळून ती बॅटरीच्या सेलला जोडल्यास खिळा टाचण्या उचलतो, तो याच नियमाने. शाळेची विजेची घंटा वाजते ती याच नियमाने. विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी उपसून कालव्यात टाकणारे पंप फिरतात, तेही याच नियमाने.

याचे एक सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विद्युत धारेमुळे नाजूक सुया हलतील आणि पृथ्वीची मोजणी बिघडेल, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. म्हणून अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. तिच्या इमारतीत लोखंड वर्ज्य केले आणि चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला. विजेवरील ट्राम १९०७ साली धावली. ओर्स्टेडचा नियम पुस्तकात वाचणे निराळे, आणि त्यासाठी आख्खी वेधशाळा समुद्रापलीकडे हलविणे निराळे.

बुकबाइंडरच्या दुकानातला मुलगा

ओर्स्टेडचा प्रश्न लंडनमध्ये मायकेल फॅरडेने उलटा केला. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीस लागला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील एक पुस्तक होते. शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संवादांतून साध्या भाषेत शास्त्र सांगितलेले. फॅरडे आयुष्यभर या पुस्तकाचे उपकार मानीत असे.

१८३१ साली फॅरडेला उत्तर सापडले. तारेच्या वेटोळ्यात चुंबक नुसता ठेवून वीज मिळत नाही. चुंबक आत-बाहेर हलविला, तरच तारेत धारा वाहते. हालचाल हवी, हे त्याचे मर्म. सायकलच्या डायनामोत हेच घडते. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचे पाणी चक्र फिरविते, परळी वैजनाथला १९७१ पासून कोळशाच्या वाफेने चक्र फिरू लागले. चक्र कशानेही फिरो, चुंबक आणि तार यांची परस्परांशी हालचाल हाच विजेचा जन्म होय.

हैदराबादच्या नवाबाचे पुस्तक

आता या कथेतील आपल्या अगदी जवळचा भाग. नांदेड आणि लातूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. तेथील पायगा घराण्याचे नवाब फखरुद्दीन खान, शम्सुल उमरा, हे मोठे जहागीरदार. निजामाच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. अशा माणसाने शिकारीत आणि मेजवान्यांत आयुष्य घालविले असते तर कोणी नवल केले नसते. परंतु त्यांना गणित आणि पदार्थविज्ञान यांचे वेड होते. त्यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढला, मदरसा काढला, आणि संवादपद्धतीच्या इंग्रजी पुस्तकांवरून उर्दूत सहा शास्त्रीय पुस्तिकांची माला तयार करविली. ‘सित्ता-ए-शम्सिया’ हे तिचे नाव. सित्ता म्हणजे सहा. यंत्रशास्त्र, खगोल, पाणी, हवा, प्रकाश आणि वीज असे तिचे सहा विषय. ही माला १८४० च्या सुमारास छापून झाली. म्हणजे फॅरडेच्या शोधानंतर जेमतेम दहा वर्षांत हैदराबादेत उर्दू वाचणाऱ्या मुलासाठी विजेवर छापील पुस्तक तयार होते!

त्याच सुमारास मुंबईत हरि केशवजी यांनी मराठीत ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ लिहिले. संवादांतून शास्त्र सांगण्याची जी रीत लंडनमध्ये एका उमेदवाराला शास्त्रज्ञ करून गेली, तीच रीत मराठीत आणि उर्दूत आली होती. मग आपल्याकडे फॅरडे का झाला नाही? पुस्तके आली, पण त्यांच्यामागून गावोगाव प्रयोगाच्या खोल्या आल्या नाहीत. मुलाच्या हाती पान आले, तार आली नाही.

औरंगाबादेतील शब्दांची टांकसाळ

पुढचा मोठा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. हैदराबादेत १९१७ साली भाषांतरासाठी दारुत्तर्जुमा स्थापन झाली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली. सर्व उच्च शिक्षण, अगदी वैद्यकीसुद्धा, उर्दूतून देण्याचा हा मोठा प्रयोग होता. या चळवळीचे एक केंद्र आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था तेथून चाले. परिभाषा कशी घडवावी यावरचा वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ अंजुमनने १९२१ साली प्रसिद्ध केला. १९२८ साली ‘सायन्स’ नावाचे उर्दू त्रैमासिक येथूनच निघू लागले. ‘बर्क’पासून ‘बर्काना’ असे क्रियापदही उर्दूत घडविले गेले. ज्या शब्दांना माझा तो विद्यार्थी घरचे समजत होता, ते याच टांकसाळीचे नाणे होते.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उर्दू घरी बोलणाऱ्या मुलास या प्रयोगाने लाभ झाला, पण राज्यातील बहुसंख्य मुलांची भाषा मराठी, तेलुगू वा कन्नड होती. नांदेडच्या किंवा उदगीरच्या मराठी घरातील मुलास माध्यमिक शाळेत उर्दूतून शास्त्र शिकावे लागे. आपल्या भाषेतून शिकण्याची त्याची मागणी रास्त होती. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्था त्यातूनच पुढे आल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामामागील असंतोषात हेही एक कारण होते. १९४८ नंतर चित्र बदलले. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि मराठवाड्यातील शाळांत मराठी आली. आज बालभारतीची विज्ञानाची पुस्तके मराठीप्रमाणेच उर्दूतही मिळतात. ही मोठी सोय आहे. मात्र आमच्या मुलांची अडचण दहावीनंतर, अकरावीच्या दारात सुरू होते. त्या काळी मराठी मुलाला उर्दू शब्द जसे परके वाटले, तसे आज उर्दू शाळेतील मुलाला इंग्रजी शब्द वाटतात. दुःख एकच आहे, फक्त मूल बदलले आहे.

काय करावे?

माझ्या मते उपाय फार खर्चाचा नाही. आठवीपासून प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता असावा. मकनातीस, चुंबक, मॅग्नेट. बर्की रौ, विद्युत धारा, करंट. मुजाहिमत, रोध, रेझिस्टन्स. कुतुबनुमा, होकायंत्र, कंपास. तीन रकाने, रोज एक ओळ. दहावीला पोहोचेपर्यंत मुलाला कळून चुकेल की हे तीन विषय नसून एकाच वस्तूची तीन नावे आहेत.

आणि तक्त्यापाशी एक पेटी असावी. दोन पट्टीचुंबक, एक होकायंत्र, चार सेल, काही हात तांब्याची तार, खिळे, टाचण्या आणि लसणाची एक पाकळी. होय, लसणाचीही! मुलांनी ती चुंबकावर चोळावी आणि टाचण्या उचलतात की नाही ते स्वतः पाहावे. छापलेले आहे म्हणून खरे मानू नये, ही शिकवण त्यांना त्या पाकळीतून मिळेल. मुलींच्या वर्गात ही पेटी आधी जावी. मार्सेटबाईंच्या पुस्तकात प्रश्न विचारणाऱ्या दोघीही मुलीच होत्या, हे विसरू नये.

आपल्या दीनमध्ये पहिली आज्ञा वाचण्याची झाली, हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. पण सृष्टीकडे डोळे उघडून पाहण्याची आज्ञाही तेथेच पुन्हा पुन्हा आहे. नवाब शम्सुल उमरांनी वाचावयास दिले. पाहावयास आणि करावयास देण्याचे काम आपल्या पिढीकडे राहिले आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी या पेटीचा विचार सांगितला. त्याने दुकानातून जुन्या मोटारीची तांब्याची तार काढून दिली, पैसे घेतले नाहीत. "सर, मुलांना गुंडाळायला मी येऊन शिकवतो," असे तो म्हणाला. येत्या सत्रात त्याला वर्गावर बोलाविण्याचे मी ठरविले आहे. या वेळी त्याला प्रश्न विचारण्यास मी चुकणार नाही.